एका जागी न ठरणारी पोरं आणि वर्गातली बैठक – कोणी काही बदलून बघितलंय का?

तिसरीच्या_बाई (कोरेगाव)

नमस्कार सगळ्यांना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिसरी-चौथी एकत्र, २७ पोरं. जरा लांबवून लिहिते कारण थोडक्यात लिहिलं की "पोरं आहेत, चुळबुळ करणारच" असं उत्तर येतं आणि तेवढं मला पण माहितीये.

मागच्या वर्षीपर्यंत आमच्याकडं बस्करपट्ट्या होत्या. मग गावानं वर्गणी काढून बेंच दिले, लोखंडी, वर प्लायवूड, गावाला त्याचा फार अभिमान आहे आणि मला पण आहे. पण तेव्हापासनं वर्गातली वळवळ वाढली. आधी वाटलं नव्याची नवलाई, दिवाळीपर्यंत सरावतील, तर दिवाळी होऊन गेली तरी तेच. एक पोरगा आहे, नाव लिहीत नाही, त्याला इथं भिंगरी म्हणू. एक दिवस मी टाचणवहीच्या कडेला रेघा मारत गेले, गणिताच्या एका तासात हा ११ वेळा उठला. पेन्सिल पडली, टोक करायचंय, तहान लागली, मागच्याचं रबर, खिडकीत माकड. एकदा तर बेंचवर गुडघे टेकून पुढं झुकला आणि घसरून पडला, हनुवटीला दोन टाके पडले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. पाऊस तिरका लागून त्याच्या बाजूचे बेंच भिजले, म्हणून चार पोरं खिडकीपाशी उभी केली. ह्यानं खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवलं, एक पाय दुसऱ्या पायावर, बोटानं ओळ धरली आणि अख्खा धडा वाचून काढला. एकदाही मान वर नाही. मी फळ्याजवळ तशीच उभी राहिले. सहा महिने मी त्याला दिवसातनं वीस वेळा "खाली बस" म्हणत होते हो, आणि त्याला वाचायला उभं राहायचं होतं. घरी येऊन पण तेच डोक्यात.

तर विचारायचं हे की वर्गात बसायच्या दोन-चार तऱ्हा ठेवल्या, म्हणजे कोण खाली, कोण बेंचवर, कोण उभं, असं कोणी करून बघितलंय का, पोरं खरंच लक्ष देतात का नुसता गोंधळ होतो, आणि गावानं दिलेले बेंच बाजूला सारले तर गावाला काय सांगायचं?

---

मिरजेचा_मास्तर

बाई, तुमचं ते टाचणवहीतलं मोजणं फार आवडलं. आपण "सारखा उठतो" म्हणतो पण सारखा म्हणजे किती हे कोणी बघत नाही.

माझी नोकरी ३१ वर्षं झाली. २०१५ च्या आगेमागे सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) राज्यभर गाजलं, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडम आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे पोरानं स्वतः करून शिकायचे वर्ग उभे केले होते, गाड्या भरभरून शिक्षक बघायला जायचे, मीही गेलो. पोरं गटागटानं खाली बसलेली, कोणी पालथं पडून मणी मोजतंय, कोणी फरशीवरच्या आखलेल्या चौकटीत उड्या मारत संख्या म्हणतंय. गुरुजी कुठायत ते शोधावं लागायचं. मग २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात फरश्या रंगल्या. आमच्या शाळेतही रंगवल्या, खर्च शिक्षकांच्या खिशातनं. पण आम्ही रंग तेवढा उचलला. पोरानं कुठं बसायचं हे त्यानं ठरवायचं, ही त्यातली खरी गोष्ट आम्ही सोडून दिली. रंगीत फरशीवर पुन्हा ओळीतच बसवली, हाताची घडी तोंडावर बोट. दोन वर्षांत रंग उडाला. मला अजून हळहळ वाटते त्याची.

म्हणून सांगतो, बेंच काढा किंवा ठेवा, पण पोराला दिवसातनं एकदा तरी जागा निवडू द्या.

---

विट्याची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या डायरीत आठवड्यातनं तीनदा शेरा यायचा, जागेवर बसत नाही, इतरांना त्रास देते. शाळेचं नाव नको. मी घरी तिला रागवायचे, एकदा हात पण उचलला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग माझ्या नणंदेनं सहज विचारलं, वहिनी हिचे डोळे तपासलेत का. नंबर निघाला, मायनस अडीच! ती चौथ्या ओळीत होती, फळा दिसायचा नाही, म्हणून उठून पुढं जायची नाहीतर शेजारणीच्या वहीत डोकवायची. चष्मा लागला आणि पुढं बसवली तशी निम्मी तक्रार मिटली.

निम्मी म्हणतेय कारण चुळबुळ राहिलीच. मग नव्या वर्गशिक्षिकेनं बघितलं की हिचे पाय जमिनीला टेकतच नाहीत, लोंबकळतात आणि हलत राहतात. त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही घरातला जुना जेवायचा पाट नेऊन दिला, तो बेंचखाली पायाशी ठेवला. एवढंच केलं. पाय टेकले तशी ती टेकली.

बाई, तुमच्या भिंगरीचे डोळे आणि कान आधी तपासून घ्या, बाकीचं मग.

---

हातपाय_थेरपी (सांगली)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना बसणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करते, रोज अशीच मुलं बघते. विट्याच्या ताईंनी जे सांगितलं ते शंभर टक्के खरं. डोळे, कान, झोप, भूक, जंत, एवढं आधी बघायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातनं एकदा शाळेत येते, त्यांच्यासमोर हे मूल मुद्दाम आणा, नुसतं वजन-उंची करून पुढं पाठवू देऊ नका.

आता बसण्याबद्दल. मूल हलतं त्याला कारण असतं. स्नायू आणि सांध्यांमधनं मेंदूला सतत खबर जात असते की शरीर कुठं आहे, किती जोर लागतोय. काही मुलांना ही खबर कमी पडते, मग ती स्वतःच हलून, दाबून, आपटून ती मिळवतात आणि त्यातनं जागी राहतात. आपण त्यांना गप्प बसवलं की त्यांची सगळी ताकद गप्प बसण्यातच जाते, शिकायला काही उरत नाही. काही मुलांचा पाठ-पोटाचा जोरच कमी असतो, ती दहा मिनिटांत बेंचवर वितळल्यासारखी पसरतात, त्यांना आपण आळशी म्हणतो.

पण एक सांगते, फेसबुकवर ते डुगडुगणारे स्टूल आणि मोठे रबरी बॉल बघून लगेच वर्गणी काढू नका. २००३ साली अमेरिकेत चौथीतल्या एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा) असलेल्या मुलांना बॉलवर बसवून अभ्यास झाला, ती जागेवर जास्त टिकली आणि वाचता येईल असं जास्त लिहिलं, पण मुलं होती तीन! २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या अभ्यासात ८ ते १२ वर्षांची मुलं होती, त्यात एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत होती तेव्हा डोक्यात आकडे-अक्षरं धरून ठेवणं त्यांना जास्त जमलं, आणि ज्यांना तसं काही नव्हतं ती जास्त हलली तेव्हा त्यांचं उलट बिघडलं. म्हणजे एकाला औषध ते दुसऱ्याला अडचण. अख्ख्या वर्गाला एकच नवीन खुर्ची देणं म्हणजे पुन्हा तीच चूक.

आणि भिंगरीला कोणी लगेच एडीएचडीचं लेबल लावू नका. त्यासाठी लक्षणं सहा महिने तरी हवीत, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसलेली. ते डॉक्टर ठरवतील.

फुकटातला उपाय सांगते. सायकलची जुनी ट्यूब घ्या, पंक्चरवाला अशीच देतो. ती बेंचच्या पुढच्या दोन पायांना जमिनीपासनं वीतभर उंचीवर ताणून बांधा, व्हॉल्व्हचा भाग कापून टाका म्हणजे टोचणार नाही. मूल पायानं ती दाबत राहतं, ढकलत राहतं, आवाज शून्य, वरचा हात लिहायला मोकळा. माझ्याकडं येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी ही आहे. दुसरं, जड काम द्या. तास सुरू व्हायच्या आधी पुस्तकांचा गठ्ठा कपाटातनं आणणं, पाण्याची कळशी भरणं, फळा दाबून पुसणं. ही शिक्षा म्हणून नाही, मानाचं काम म्हणून.

---

दोनशिक्षकी (पाटण)

सगळं पटतंय पण जमिनीवरचं बोलू. आमची पहिली ते चौथी, शिक्षक दोन, त्यातला एक महिन्यातनं चार-पाच दिवस मीटिंग, माहिती भरणं, ऑनलाइन नोंदी ह्यातच. खोल्या दोन. एका पोराला उभं राहू दिलं की दुसरा म्हणणार मला पण, तिसरा म्हणणार मला घोंगडी, आणि अर्धा तास कोण कुठं ह्यातच जाणार. वरनं तपासणीला साहेब आले आणि पोरं आडवी-तिडवी दिसली तर शेरा मला बसणार, शेरेबुक त्यांच्या हातात. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी पहिल्या आठवड्यात काय होतं ते सांगा, सहाव्या महिन्यातलं नको.

---

जतचा_माळ

पहिल्या आठवड्यात भांडणं होतात. खरं सांगतो.

माझी शाळा जत तालुक्यात, वर पत्रा, मार्चनंतर अकरा वाजल्यापासनं वर्ग तापतो. आमच्यात निम्मी पोरं धनगरांची, काहींचे आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं दिवाळीनंतर जातात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. चार-पाच महिने फडात, उघड्यावर, बैलगाडीमागं पळणारं पोरगं परत आल्यावर त्याला पाच तास बेंचवर बसवायचं, ते कसं बसणार? मी त्यांच्यासाठी सुरू केलं. एका कोपऱ्यात दोन जुन्या घोंगड्या, पालकांनीच दिल्या. खाली बसून लिहायला मुनीमजीचं असतं तसं उताराचं बैठं डेस्क, अशी चार. मागं भिंतीला लागून एक लांब फळी, उभं राहून लिहायला. बाकी बेंच तसेच.

दोनशिक्षकी सर, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना घोंगडी हवी होती, रेटारेटी झाली, एक पोरगी रडली. मी बंद नाही केलं. दुसऱ्या सोमवारी पोरांनाच विचारलं काय करायचं, त्यांनी चिठ्ठ्या ठरवल्या. आठवडाभर सगळ्यांनी सगळ्या जागा फिरून बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात गंमत अशी झाली की निम्म्याहून जास्त पोरं आपणहून बेंचवर परत गेली, त्यांना तिथंच बरं वाटत होतं. घोंगडीवर उरली सहा, फळीपाशी तीन. मग नियम तीनच. जागा घेतली की तास संपेपर्यंत बदलायची नाही. शेजाऱ्याचं काम थांबलं तर तुझी जागा आज गेली, उद्या परत मिळेल. शुद्धलेखन मात्र सगळ्यांनी टेबलावर.

साहेबांबद्दल. केंद्रप्रमुख आले तेव्हा मी काही लपवलं नाही, त्या सहा पोरांच्या वह्या दाखवल्या, आधीच्या आणि नंतरच्या. त्यांनी स्वतः घोंगडीवर मांडी घातली आणि पोरांकडनं पाढे म्हणून घेतले.

आणि हे परदेशी खूळ आहे असं कोणी म्हणालं तर सांगा की मॉन्टेसरी बाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं तेव्हाच जखडलेले बाक नाकारून मुलाला उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आणली, आणि बालशिक्षणाचं काम करणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक १९४५ ला बोर्डीला गेल्या, पुढं कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं जिथं होती तिथं शाळा नेली. आपण तर फक्त घोंगडी अंथरतोय.

---

विट्याची_आई

जतचे सर, वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्यासारखे शिक्षक सगळ्या पोरांना मिळोत.

---

कुपवाड_वेल्डिंग

मी एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, माझी दोन पोरं झेडपीच्या शाळेत. बेंचबद्दल बोलतो कारण ते आमच्याच लाइनचं काम. शाळेला बेंच देताना लोक एकच माप सांगतात, "शाळेचा बेंच", आणि दुकानदार एकच साइज देतो, पहिलीपासनं सातवीपर्यंत तोच. बसायची उंची साधारण १७-१८ इंच. आता तिसरीतल्या पोराला अनवाणी उभं करा आणि गुडघ्याच्या मागची खाच ते टाच मोजा. आमच्या शाळेत मी २२ पोरं मोजली, बहुतेकांचं १२ ते १३ इंच भरलं. म्हणजे चार-पाच इंच पोरगं हवेत! मोठ्या माणसाला बारमधल्या उंच स्टुलावर पायाला टेकू न देता पाच तास बसवा, तो उठेलच.

बाई, गावानं दिलेले बेंच काढू नका, गाव दुखावेल. पाय कापून घ्या किंवा कापायचे नसतील तर खालून एक आडवा पाइप वेल्ड करा, पाय ठेवायला, बसायच्या फळीपासनं १२ इंच खाली. कापलात तर पाइपाच्या तोंडाला रबरी बूट घाला नाहीतर फरशी घासली जाते आणि आवाजानं तुम्हीच वैतागाल. कडा फाइलनं मारून घ्या. एका बेंचला वेल्डरची पंधरा-वीस मिनिटं जातात, गावातलाच कोणी शाळेसाठी म्हणून फुकट करून देईल. उभ्यानं लिहायची फळी पोराच्या कोपराच्या उंचीला, आणि किंचित उतार द्या पोराकडं.

---

तिसरीच्या_बाई (कोरेगाव)

उशीर झाला उत्तर द्यायला, मधे परीक्षा आणि मग क्रीडास्पर्धा. सात आठवडे झालेत, जे झालं ते सगळं सांगते, न जमलेलं पण.

आधी भिंगरीची आई भेटली. मी तक्रार करणार म्हणून बिचारी पदर सारखा करत, घाबरत आली. मी म्हणलं वहिनी, घरी कसा असतो? तर म्हणाली, "बाई, जेवताना बी ताट घिऊन फिरतंय, झोपला तरच गप. त्येचा आज्जा बी आसाच हुता." डोळे तपासले, चांगले आहेत. एका कानात मळ घट्ट झाला होता, तो काढला, थोडा फरक पडला. डॉक्टरांनी पुढं दाखवायला सांगितलंय, पुढच्या महिन्यात साताऱ्याला सिव्हिलला जाणारेत.

सायकलची ट्यूब बांधली, चार बेंचना. भिंगरीनं पहिल्याच दिवशी ती खेचून गलोल केली. काढून टाकली. पण चौथीतली एक मुलगी आहे, कधी उठत नाही, बोलत नाही, कायम नखं खाते, बोटं सोललेली असायची. तिच्या बेंचला ट्यूब राहिली होती. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तिचे पाय खाली सारखे चालू आहेत आणि नखं वाढलीयेत. गप्प बसणारं पोरगं म्हणजे सगळं ठीक असं मी धरून चालले होते. तिच्याकडं माझं वर्षभर लक्षच नव्हतं.

खाली बसायला पोती घातली होती, हळदीची, धुऊन. अंगाला खाज सुटली पोरांच्या, दोन दिवसांत बंद. आता जुनी सतरंजी दुमडून टाकलीय. पोषण आहारानंतरचा पहिला तास सगळ्यात वाईट, तेव्हा कुठली जागा कामाची नाही, मग मी सरळ दहा मिनिटं सगळ्यांना मैदानात नेते, मातीत काठीनं गुणाकार लिहायचे, मग आत.

जतच्या सरांच्या चिठ्ठ्या आमच्याकडं पण चालल्या. भांडणं दीड आठवडा झाली. माझे पण दोन दिवस असे गेले की बेंच परत ओळीत लावावेत असं वाटलं, तेव्हा इथले तुमचे मेसेज परत वाचले.

भिंगरी खिडकीपाशी उभा असतो, भाषेला आणि परिसर अभ्यासाला. गणिताला बसतो, आपणहून. परवा परत रेघा मारल्या, त्याच गणिताच्या तासाला, ४. अक्षर अजून वाईटच आहे, उभ्यानं लिहिलेलं तर वाचवत नाही, म्हणून लिहायचं बसूनच. पण तास संपला की विचारतो, "बाई, आता माझी खिडकी?"

गावाचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवला. एक आजोबा म्हणाले आम्ही बेंच दिले आणि तुम्ही पोरं उभी करताय? मी त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात बसायला बोलावलं. आले, बेंचवर बसले, आणि शेजारच्या पोराचे लोंबकळणारे पाय त्यांनी स्वतःच बघितले. आता तेच वेल्डरला घेऊन येणारेत.

कुपवाडचे दादा, एकच विचारायचंय, खिडकीचा कट्टा ३४ इंचावर आहे आणि भिंगरीचं कोपर त्याच्या खाली राहतं, तर त्याला पायाखाली काय द्यावं? लाकडी खोकं ठेवलं तर सरकतं.

---

कुपवाड_वेल्डिंग

खोकं नको, पडेल. लोखंडी पायरी करा, खाली चारी बाजूनं रबर, रुंदी दीड फूट तरी, म्हणजे पाय अदलाबदल करता येतील. उंची मात्र अंदाजानं नको. कोपर वाकवून उभा करा आणि जमिनीपासनं कोपरापर्यंतचं माप पाठवा, पायरी मी करून पाठवतो, पैसे नकोत. कोरेगावकडं आमचा टेम्पो जातोच.

---

दोनशिक्षकी (पाटण)

बाई, सात आठवडे सगळं खरंखुरं लिहिलंत, पोत्याची खाज पण, म्हणून धीर आला. सोमवारी दोन सतरंज्या आणि एक फळी, एवढ्यावर सुरू करतोय, फक्त दुसरीला. दादा, फळीचा उतार किती ठेवू?

---

कुपवाड_वेल्डिंग

सर, मागची कड दोन इंच उचला, आणि पुढच्या कडेला पेन्सिल अडायला बारीक पट्टी मारा नाहीतर दर मिनिटाला पेन्सिल खाली.

---

तिसरीच्या_बाई (कोरेगाव)

दादा, उद्या शनिवार, सकाळची शाळा. पहिल्या तासालाच भिंगरीचं माप घेते. नखं खाणाऱ्या मुलीला टेप धरायला सांगणारे.